वणवा विझवणाऱ्याचा जीव कोणाच्या हिशेबात?

(१) फाल्गुन-चैत्रात सातारा, मेढा, पाटण किंवा शिराळा यांपैकी कोणत्याही गावातून रात्री पश्चिमेकडे पाहिले, तर एखाद्या डोंगराच्या कुशीवर तांबड्या ठिणग्यांची वाकडी माळ दिसण्याचा संभव असतो. जंगलाच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे: सागाचा व्यापार, वनकायदे, जंगल सत्याग्रह, व्याघ्रप्रकल्प. त्या तांबड्या माळेच्या दिशेने हिरवी फांदी हातात घेऊन चढत जाणारा माणूस मात्र या लेखनात क्वचितच भेटतो. त्याला तेथे कोणी पाठवले, कोणत्या नियमाने पाठवले आणि तो जिवंत परत यावा याची काळजी कोणी वाहिली, हा प्रस्तुत थ्रेडचा विषय.

(२) आगीविषयीचा मराठीतील सर्वांत परिचित ऐतिहासिक दस्तऐवज म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या लष्करी छावणीला पाठवलेले पत्र. रयतेला तसदी न देण्याच्या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात आगीविषयीही बारकाईने लिहिले आहे. कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग पावसाळ्यासाठी साठवलेले गवत आणि लष्कराची खोपटी जळून जातील, असा एकेक धोका तेथे नावानिशी सांगितला आहे.

(३) या पत्रात आगीशी झुंजण्याच्या पराक्रमाची अपेक्षा कोठेही नाही. आग लागण्यापूर्वी कोणी कशाची खबरदारी घ्यायची, एवढाच त्याचा रोख आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी, तिच्यातील काठीही तोडू देऊ नये, असा आदेश येतो. साताऱ्यातील वासोटा किंवा सांगलीच्या पश्चिम सीमेवरील प्रचितगड यांसारख्या गडांकडे पाहिले म्हणजे त्या आदेशाचा अर्थ उमगतो. झाडी हाच गडाचा एक तट होता. वणव्याचा इतिहास समजून घेताना ‘आधीची तयारी’ हे सूत्र ध्यानात ठेवावे लागते; ते पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

(४) प्रथम भूमी पाहू. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग येथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. उतारांवर गवत माणसाच्या कमरेपर्यंत, काही ठिकाणी छातीपर्यंत वाढते. कड्यांच्या बगलेला कारवीचे दाट रान असते. दिवाळीनंतर हे सारे वाळू लागते आणि होळीपर्यंत पेंढ्यासारखे कोरडे होते. माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वेचा टापू कमी पावसाचा. तेथील टेकड्यांवर गवत आखूड, पण तितकेच कोरडे. म्हणून सातारा-सांगलीतील वणवा हा बहुतेक वेळा गवताचा आणि पाचोळ्याचा वणवा असतो.

(५) ‘गवताचीच तर आग’ हे वाक्य फसवे आहे. जाड लाकूड सावकाश पेटते आणि बराच काळ जळते. गवत काही क्षणांत पेटते, काही क्षणांत संपते आणि तेवढ्यातच पुढच्या गवताला पेटवून जाते. उतारावर हा वेग आणखी वाढतो. चढाच्या दिशेने जाणारी ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ झुकलेली असते. तिच्या आचेने ते गवत ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच तापून तयार होते. उताराचा कोन १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अडाखा ऑस्ट्रेलियातील संशोधक ए. जी. मॅकआर्थर यांच्या अभ्यासातून रूढ झाला. चढावर माणसाचा वेग मात्र घटतो. वणव्यातील बहुतेक शोकांतिका या साध्या विषमतेतून जन्म घेतात.

(६) वारा दुसरा खेळ करतो. दिवसा उन्हाने तापलेली हवा दरीतून माथ्याकडे चढते, रात्री थंड हवा माथ्यावरून दरीत उतरते. म्हणून सायंकाळी शांत भासणारी आग सकाळी उन्हे चढताच चेकाळू शकते. डोंगराच्या अंगावरील अरुंद घळी तर चुलीच्या धुराड्यासारखे काम करतात. खाली आग लागली की सारी उष्णता आणि धूर त्या घळीतून वर ओढला जातो. चढायला सोपी म्हणून निवडलेली घळ अशा वेळी सर्वांत घातक वाट ठरते.

(७) हे ज्ञान डोंगरी गावांना पुस्तकातून मिळालेले नव्हते. आग हे त्यांचे शेतीचे अवजार होते. भात-नाचणीच्या रोपांसाठी फांद्या, पाला, गवत आणि शेण अंथरून जमीन भाजण्याची ‘राब’ पद्धती घाटमाथ्यावर व कोकणात रूढ होती. जुने वाळके गवत जाळले की नवे कोवळे फुटते, या समजुतीने कुरणेही पेटवली जात. त्यातील काही आगी हाताबाहेर जात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दरवर्षी आग हाताळणाऱ्याला वारा कोठून येतो, कोणत्या वेळी पेटवू नये आणि पेटवल्यावर कोठे उभे राहावे, याचा अंदाज असे. आग लावण्यास बंदी झाली, तसा या अंदाजाचा सरावही कमी होत गेला.

(८) ती बंदी टप्प्याटप्प्याने आली. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पुढच्याच वर्षी शहाजीराजे छत्रपतींच्या निधनानंतर साताऱ्याचे राज्य कंपनीने खालसा केले आणि सह्याद्रीचा हा पट्टाही इलाख्याच्या कारभारात गेला. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हे हिंदुस्थानातील वनांचे पहिले महानिरीक्षक नेमले गेले. रेल्वे व जहाजबांधणीसाठी लाकूड हवे होते. नव्या वनखात्याच्या नजरेत आग ही शेतकऱ्याचे अवजार राहिली नाही. ती सरकारी मालमत्तेची शत्रू ठरली.

(९) त्याच सुमारास मध्य प्रांतात, सातपुड्यातील बोरी जंगलात, जी. एफ. पिअर्सन यांनी संघटित अग्निसंरक्षणाचा प्रयोग केला. हिंदुस्थानातील जंगल आगीपासून राखता येणार नाही, असे तेव्हा अनेक अधिकाऱ्यांचे मत होते. प्रयोग यशस्वी झाला आणि ही पद्धत इतरत्र पसरली. तिचा कणा म्हणजे जाळरेषा. उन्हाळ्यापूर्वी, हवेत गारवा आणि गवतात थोडी ओल असताना, ठरावीक रुंदीचा पट्टा कापून तो माणसांच्या देखरेखीखाली जाळून टाकायचा. पुढे वणवा आला की त्या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही.

(१०) जाळरेषेचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो. वणव्याच्या वेळी ती माणसाची उभे राहण्याची जागा असते, चालण्याची वाट असते आणि माघार घेण्याचा रस्ता असतो. आगीसमोर गवतात उभा राहिलेला माणूस आणि जाळरेषेवर उभा राहिलेला माणूस यांच्या हातात एकच फांदी असली, तरी त्यांच्या जिवाची शाश्वती सारखी नसते. ती शाश्वती पौष-माघातच तयार झालेली असते किंवा राहून गेलेली असते.

(११) आता कायदा पाहू. १८७८ च्या वनकायद्याची चौकट पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आली आणि तो अधिनियम आजही चालू आहे. त्याचे कलम ७९ लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला काही हक्क आहे, चराईची वा लाकूड नेण्याची परवानगी आहे, असा प्रत्येक जण, त्याचे नोकर, आणि वनाला लागून असलेल्या गावातील सरकारी नोकर किंवा गावच्या सेवेबद्दल सरकारकडून मोबदला घेणारा प्रत्येक जण, यांनी वणव्याची माहिती विनाविलंब द्यायची आणि अधिकाऱ्याने सांगितलेले असो वा नसो, आग विझवण्याच्या कामाला तत्काळ लागायचे.

(१२) या कलमाच्या मूळ मजकुरात कर्तव्य चुकवणाऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ‘कायदेशीर सबब’ असेल तर सुटका आहे. पण ती सबब सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला आहे. वणव्यात जीव वाचवणारा सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे वेळेवर मागे हटणे. कायद्याने पुढे जाणे गृहीत धरले आणि न जाण्याचे कारण मात्र मागितले. विझवणाऱ्याने कशाने विझवावे, किती जणांनी जावे, केव्हा थांबावे, तो भाजला तर काय, याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही.

(१३) ‘गावच्या सेवेबद्दल मोबदला घेणारा’ या शब्दांत सातारा जिल्ह्यातील कोण बसत होते, हे ओळखणे अवघड नाही. गावचा पाटील, तसेच वतनी गावकामगार म्हणून राबवले जाणारे महार आणि रामोशी. त्यांच्यातही रात्री डोंगर चढण्याचे काम बहुधा उतरंडीच्या तळाशी असलेल्यांच्याच वाट्याला जाणार, हे त्या काळच्या गावगाड्याशी सुसंगत होते. शिवाय कलम २६ नुसार राखीव वनात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर शिक्षेखेरीज तेथील चराई आणि वनोपजाचे हक्कही सरकार हवा तितका काळ स्थगित करू शकत होते. आग एकाने लावायची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी राहायची.

(१४) असा कायदा गावकऱ्यांना आपला वाटणे शक्यच नव्हते. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने बळकावल्यामुळे शेतकऱ्यावर ओढवलेल्या हलाखीवर कठोर टीका केली. १८८५ मध्ये ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न त्यात कळीचा होता. १९३० साली तर सातारा जिल्ह्यातील, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात असलेल्या बिळाशी परिसरात जंगल सत्याग्रह पेटला आणि तो दडपण्यासाठी पोलीस धाडले गेले.

(१५) या साऱ्याचा वणव्याशी संबंध थेट आहे. जंगल ज्याला आपले वाटते तो आगीची बातमी लवकर देतो, जाळरेषेला आनंदाने हात लावतो. जंगल ज्याच्याकडून हिरावले गेले, तो धाकाने येतो, उशिरा येतो आणि कोणाचे ऐकावे हे न कळता विखरून जातो. उशीर म्हणजे मोठी आग. विखुरलेपण म्हणजे एकट्या पडलेल्या माणसाचा धोका. विश्वास ही येथे भावनेची गोष्ट राहत नाही, ती सुरक्षिततेची गोष्ट होते.

(१६) प्रत्यक्ष आग विझवण्याची रीत मात्र या साऱ्या काळात फारशी बदलली नाही. सह्याद्रीच्या उतारावर पाण्याचा बंब चढत नाही. हिरव्या पानांची डहाळी तोडायची आणि ज्वाळा झोडपायची. ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून फटका जळालेल्या बाजूकडे मारायचा. आगीच्या तोंडासमोर जायचे नाही; तिच्या शेपटाकडून, म्हणजे जेथे ती जळून विझली आहे तेथून सुरुवात करायची आणि कडेकडेने पुढे सरकायचे. पायाशी जळून काळी पडलेली जमीन ठेवायची, कारण जे एकदा जळाले ते लगेच पुन्हा जळत नाही. आग मोठी असेल तर दूर जाळरेषेपाशी थांबून उलटी आग लावायची. सारी रीत ‘कोठे उभे राहावे’ या एका प्रश्नाभोवती फिरते.

(१७) हा प्रश्न जगासमोर सर्वांत दारुण रीतीने आला तो १९४९ साली. त्या वर्षी १ ऑगस्टला सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नव्या जिल्ह्याची दफ्तरे उघडली जात असताना, चारच दिवसांनी, ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत जे घडले, त्यातून वणव्यातील सुरक्षिततेचे आधुनिक शास्त्र घडत गेले. ती दरीही गवताळ, उभ्या चढाची आणि माथ्यावर खडकाळ कड्याची होती. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ते वर्णन अनोळखी वाटणार नाही.

(१८) विमानातून पॅराशूटने उतरलेले १५ प्रशिक्षित जवान आणि जमिनीवरून येऊन मिळालेला एक वनरक्षक, असे १६ जण दरीत होते. आग पलीकडच्या उतारावर होती. ते खाली नदीच्या दिशेने निघाले असता आगीने त्यांच्या खालच्या बाजूने दरी ओलांडली. नायक वॅग्नर डॉज यांनी सर्वांना मागे फिरवले आणि पुढे अवजारे टाकून देण्यास सांगितले. आता खालून आग आणि वर उभा चढ. काही मिनिटांचा अवधी उरला असताना डॉज थांबले, त्यांनी काडी ओढली आणि स्वतःसमोरचे गवत पेटवून दिले.

(१९) ते गवत जळून वर सरकले, तसे डॉज त्या राखेत शिरून पालथे पडले आणि त्यांनी इतरांना आत बोलावले. एकही जण आला नाही. आगीतून पळताना नायक नवी आग लावतो आहे, हे कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते. मुख्य आग डॉज यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि ते वाचले. दोघे जण कड्यातील एका फटीतून माथ्यावर पोहोचले. बाकीचे १३ जण मृत्युमुखी पडले. डॉज यांची युक्ती अचूक होती; पण ती आधी कोणाला सांगितलेली, कोणाकडून करवून घेतलेली नव्हती. आणीबाणीच्या क्षणी उच्चारलेले नवे ज्ञान कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

(२०) यानंतर अमेरिकेच्या वनसेवेने आधीच्या अनेक प्राणघातक वणव्यांचा अभ्यास करून १९५७ मध्ये दहा स्थायी आदेश ठरवले. १९९० मध्ये ॲरिझोनातील एका वणव्यात सहा जण गेल्यानंतर पॉल ग्लीसन या अनुभवी पथकप्रमुखाने त्या आदेशांचे सार चार गोष्टींत आणले. एक, आगीवर नजर ठेवणारा पहारेकरी. दोन, त्याचा प्रत्येकाशी अखंड संपर्क. तीन, परतीच्या वाटा, त्याही एकाहून अधिक. चार, जेथे आग पोहोचणार नाही अशी सुरक्षित जागा. या चारही गोष्टी पहिली फांदी आपटण्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात आणि आग बदलली की पुन्हा तपासल्या जाव्यात, हा त्याचा आग्रह होता.

(२१) हे चार शब्द सह्याद्रीत आणून ठेवले तर त्यांना स्थानिक रूप येते. सुरक्षित जागा म्हणजे सड्यावरचा उघडा कातळ, नांगरलेले वावर, रुंद जाळरेषा किंवा गार पडलेली जळकी जमीन. परतीची वाट म्हणजे गावाकडे उतरणारी, गवत नसलेली पायवाट. घळ नव्हे आणि कड्याखाली संपणारा चढही नव्हे. पहारेकरी म्हणजे समोरच्या सोंडेवर बसवलेला, डोंगराची खोड जाणणारा गावातला जुना गुराखी. त्याच्या हातून फांदी काढून घेणे म्हणजे एक हात कमी होणे असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या दोन डोळ्यांवर बाकीच्या सर्वांचा जीव तोललेला असतो.

(२२) भारतातील अलीकडच्या घटना हेच सांगतात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या गवताळ डोंगरउतारावर गिर्यारोहकांचे गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. १६ फेब्रुवारी २०२० रोजी केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूर येथे आग विझवणारे तीन वनरखवालदार आगीच्या वेढ्यात सापडून मरण पावले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडमधील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातील चार जण तेथेच गेले. रखवालदार आणि रोजंदारीवरचे मजूर यांचाच अशा यादीत भरणा असतो. कलम ७९ च्या काळातील उतरंड आजही पुरती मोडलेली नाही.

(२३) सातारा-सांगलीत दरम्यान जंगलाचा नकाशा बदलला. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्ये झाली. २०१० मध्ये दोन्हींना मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. आतली अनेक गावे उठली. वन्यजीवांसाठी ते हिताचे ठरले. पण जेथे गुरे चरत नाहीत तेथे गवत उभेच राहते, आणि जेथे वस्ती नाही तेथे धूर पहिल्यांदा पाहणारे डोळेही नसतात. दुसरीकडे कडेगाव-पलूस परिसरात स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड टेकड्यांवर माणसांच्या हातांनी सागरेश्वरचे अरण्य उभे राहिले. अशा लावलेल्या रानाचे अनेक वर्षांचे श्रम एका दुपारच्या आगीत राख होऊ शकतात. म्हणूनच ते वाचवण्यासाठी जिवावर उदार होण्याचा मोहही तेथे मोठा असतो.

(२४) कायद्याचा सूरही थोडा बदलला. १९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या आल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ मध्ये जो माणूस शिक्षेच्या धाकाने आगीकडे पाठवला जात होता, त्याच्या नातवंडांना आता ते रान राखण्याचा अधिकार आहे. जो राखतो त्याला ‘आज कोणीही वर जायचे नाही, वारा फिरला आहे’ असे म्हणण्याचाही अधिकार हवा. हक्काची खरी कसोटी त्या नकारात आहे.

(२५) साधनेही आली. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देते. २०१७ पासून अधिक सूक्ष्म, ३७५ मीटरच्या तुकड्यापर्यंतची माहिती मिळू लागली. वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. पण तो संदेश आग कोठे आहे एवढेच सांगतो. तेथील घळ, कडा आणि परतीची वाट सांगत नाही. अनेक ठिकाणी डहाळीऐवजी पाठीवर घेण्याचा ब्लोअर आला. त्याच्या झोताने पाचोळा दूर सारता येतो, मात्र त्याच्या आवाजात मागून मारलेली हाक ऐकू येत नाही. मग खुणेची पद्धत आधीच ठरवावी लागते. अंगातला कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट आचेने वितळून कातडीला चिकटतो, हे नव्याने जाणाऱ्या तरुणांना कोणी तरी सांगावे लागते. जुन्या गुराख्याच्या अंगावरचे जाडेभरडे सुती कापड त्याहून शहाणे होते.

(२६) वणव्याच्या नोंदीत किती हेक्टर जळाले याचा रकाना असतो. किती जण वर गेले आणि किती जण धडधाकट खाली आले, हा रकानाही तितकाच महत्त्वाचा मानला, तर या इतिहासाची दिशा बदलेल. रान पावसानंतर पुन्हा फुटते. गवत तर पहिल्याच मृगात हिरवे होते. गेलेला माणूस परत येत नाही. एखादा उतार जळू द्यावा आणि पुढच्या जाळरेषेवर आग अडवावी, असे ठरवणाऱ्या पथकप्रमुखाला भित्रा म्हणण्याची खोड अजून सुटलेली नाही. ज्या पत्राने उंदराच्या तोंडातील वातीचाही विचार केला, त्याचा वारसा सांगणाऱ्यांना तरी ही खोड शोभत नाही.

(२७) गडकोटांवर फिरणाऱ्यांसाठी एवढेच. डोंगरावर धूर दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर ठिकाण कळवावे, गावात वर्दी द्यावी आणि आगीच्या वरच्या बाजूला असल्यास प्रथम बाजूला सरकून, घळी टाळून, खाली उतरावे. विझवायला जायचेच असेल तर वनकर्मचारी आणि गावातील जाणत्यांबरोबर, त्यांच्या सांगण्याप्रमाणे जावे. आणि खरोखर उपयोगी पडायचे असेल, तर उन्हाळ्याची वाट पाहू नये. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढण्याचे काम चालते. तेथे छायाचित्र काढण्याजोगे काही नसते. विळा, घाम आणि धूळ एवढेच असते. चैत्रातल्या त्या रात्री कोणी तरी उभा राहणार आहे, त्याच्या पायाखालची जमीन तेव्हा तयार होत असते.